चष्म्याच्या काडीवरचा डाग: पुनर्रचना केलेल्या कानाच्या संवेदनेचा प्रकरण अभ्यास

चष्म्याच्या उजव्या काडीच्या टोकाला, जिथे ती कानामागे वळते तिथे, टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी डाग होता. आईला वाटलं शाई असेल. तिने ओल्या कापडाने पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा तिथेच. तेव्हा तिने मुलीचे केस वर धरून कानामागे पाहिलं. काडी टेकते नेमकी त्या जागी, खोबणीत, चार मिलिमीटरची ओली जखम होती. कडा पांढुरक्या, मध्ये लालसर.

“दुखत नाहीये?”

“नाही.”

“चष्मा टोचतही नाही?”

“नाही गं आई, काहीच होत नाहीये.”

मुलगी बारा वर्षांची. कान शस्त्रक्रियेने घडवलेला, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेला जेमतेम अकरा आठवडे झालेले. सर्जननी जखम पाहिली, आतली कूर्चा (कानाला आकार देणारं मऊ, लवचीक हाड) उघडी पडलेली नाही याची खात्री केली, मलम लिहून दिलं, चष्म्याची काडी त्या जागेला अजिबात लागू द्यायची नाही असं बजावलं आणि तिला माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठीत एकच ओळ होती: ‘उजवा कान, संवेदना तपासून कळवाव्यात.’

माझं रोजचं काम हातांचं. मनगटाशी नस कापली गेलेले, बोटं पुन्हा जोडलेले रुग्ण माझ्याकडे येतात. कानासाठी क्वचितच कुणी. म्हणून हाताची मोजपट्टी मी कानाला लावली. ती कुठे चपखल बसली आणि कुठे तिने मला फसवलं, ते इथे मांडते आहे. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्याआधीचं

जन्मतः तिचा उजवा बाह्यकर्ण तयारच झाला नव्हता. खाली पाळीसारखा मऊ भाग, त्याच्यावर कूर्चेची एक वळकटी, आणि कानाचं भोक बंद. याला मायक्रोशिया म्हणतात. डावा कान पूर्ण आणि त्याचं ऐकणं उत्तम. उजवीकडचा आतला कानही शाबूत होता. हाडामार्फत आवाज दिला की त्या बाजूला तिला नीट ऐकू यायचं, फक्त हवेतून येणाऱ्या आवाजाला आत शिरायला वाट नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनेच माझी पहिली तपासणी बिघडवली.

बरगड्यांच्या कूर्चेतून कानाचा सांगाडा कोरण्याची आजची पद्धत रॅडफर्ड टॅन्झर यांच्या 1959 च्या कामापासून रुळली. पुढे बर्ट ब्रेंट यांनी ती टप्प्याटप्प्यांनी घडवली, आणि सातोरू नागाता यांनी 1993 मध्ये ती दोन टप्प्यांत कशी बसवता येते ते सविस्तर मांडलं. या मुलीच्या शस्त्रक्रिया दोन टप्प्यांच्याच. पहिल्या वेळी सहाव्या, सातव्या आणि आठव्या बरगडीची कूर्चा काढून कानाची कड, घडी, वाटी असा सगळा आकार कोरला, डोक्याच्या बाजूच्या बिनकेसांच्या त्वचेखाली पातळ खिसा करून त्यात बसवला आणि मूळची पाळी फिरवून सांगाड्याच्या खालच्या टोकाशी जोडली. त्वचा कोरीव कामाला चिकटावी म्हणून बारीक नळ्यांतून सतत ओढ देऊन आतला द्रव काढला. सात महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया. डोक्याला सपाट चिकटलेला कान मागून उचलला, मागे कूर्चेची पाचर ठेवली, ती कानाच्या वरच्या भागातून आणलेल्या पातळ आवरणाने झाकली आणि त्यावर जांघेतली त्वचा ग्राफ्ट म्हणून शिवली.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर कानामागे खोबण तयार होते, म्हणजे चष्मा अडकवायला जागा. मुलीला मायोपिया होता, म्हणजे लांबचं धूसर दिसायचं, आणि तोवर ती एकाच कानावर चष्मा सांभाळत आलेली. आठव्या आठवड्यात काडी पहिल्यांदा उजवीकडे टेकली तेव्हा घरात किती आनंद झाला असेल याचा अंदाज येतो. तीच काडी तीन आठवड्यांनी जखम करून बसली.

जुन्या कागदांत संवेदनेबद्दल काय लिहिलंय ते मी शोधलं. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी: ‘संवेदना आहे.’ दुसरीनंतर सहा आठवड्यांनी: ‘संवेदना आहे, किंचित कमी.’ एवढंच. कुठली संवेदना, कानाच्या कुठल्या भागात, कशाने तपासली, काही नाही. आईला आठवत होतं: “डॉक्टर बोटाने दाबायचे आणि विचारायचे, कळतंय का? ही म्हणायची, हो.” यात मी कुणाला दोष देत नाही. कानाच्या पुनर्रचनेचं यश आजवर फोटोंत मोजलं गेलं आहे: कड किती रेखीव, वाटी किती खोल, दोन्ही कान एका पातळीत आहेत का. स्पर्श फोटोत येत नाही.

कुठल्या नसा, कुठे कापल्या जातात

हात असो की कान, आधी वायरिंग पाहावं लागतं. पाळी, कानाचा खालचा अर्धा भाग आणि मागच्या बाजूचा बराचसा भाग ग्रेट ऑरिक्युलर नर्व्हकडे असतो. ती मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांपाशी निघते, मानेच्या बाजूच्या मोठ्या स्नायूला वळसा घालून त्याच्यावरून वर चढते. कानामागचा वरचा भाग लेसर ऑक्सिपिटल नर्व्हकडे. समोरून, गालाच्या मागच्या टोकाशी, ऑरिक्युलोटेम्पोरल नर्व्ह वर जाते आणि कडेचं मूळ व पुढचा वरचा भाग सांभाळते. मधल्या वाटीत व्हेगस नर्व्हची एक छोटी शाखा येते, म्हणून काहींना कान साफ करताना खोकला येतो.

मायक्रोशियात कान नसला तरी त्या जागेच्या त्वचेत या नसा पोचलेल्या असतात. पहिल्या शस्त्रक्रियेत त्वचेखाली खिसा करताना आत शिरणारे बारीक धागे तुटतात, पण त्वचा चारही बाजूंनी जागेवरच असते. मागून, खालून, पुढून नव्या फांद्या फुटायला वाव राहतो. फिरवलेली पाळी तर आपला बुडखा सोडत नाही, त्यामुळे तिची संवेदना बहुधा टिकते.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत कान उचलण्यासाठी छेद घेतात तो कडेच्या मागून, वरून खालपर्यंत. म्हणजे मागची वाट पूर्ण बंद. सात महिन्यांत मागून जेवढे धागे कडेपर्यंत पोचले असतील, ते पुन्हा तुटतात. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर आलेली संवेदना दुसरीनंतर जाते हे घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. या आईलाही नव्हतं. “मागच्या वेळी बघा, चार महिन्यांत सगळं कळायला लागलं होतं,” ती म्हणाली, आणि तिच्या दृष्टीने यावेळी काळजी करण्यासारखं काही नव्हतंच. मागे लावलेला ग्राफ्ट तर कोऱ्या पाटीसारखा. त्यात नस नावाला नसते. जी येईल ती कडांतून आणि तळातून.

बरगडीऐवजी पॉलिथिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा, सांगाडा बसवला तर वेगळं. जॉन रायनिश यांनी 1991 पासून वापरात आणलेल्या त्या पद्धतीत सांगाडा पूर्णपणे आवरणाने झाकून त्यावर बहुतांश ग्राफ्टच लावतात, म्हणजे कोरी पाटी बरीच मोठी. आणि प्लास्टिक उघडं पडलं तर ते स्वतःच्या कूर्चेइतकं सोसत नाही. तिथे हे प्रकरण जास्त महाग पडलं असतं.

पहिली तपासणी, आणि ती का फसली

मी कापसाच्या पिळाने सुरुवात केली. मुलीने डोळे मिटले, मी एकेका जागी कापूस टेकवत गेले, ती “हो” म्हणत गेली. पाळी, हो. कडेचं मूळ, हो. कडेचा माथा, हो. कानामागचा ग्राफ्ट, तोही हो. दहा मिनिटांत माझ्या कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा. मग ती जखम न कळता झाली कशी?

मी तशीच थांबले. कापूस हवेत धरून विचारलं, “आता?”

“हो.”

हे करायला मी आधीच हवं होतं. दहा वेळा नुसतंच विचारलं, हात लावला नाही. चार वेळा होकार आला. मुलं खोटं बोलत नाहीत, त्यांना तपासणाऱ्याला खूश करायचं असतं. पण चार हे नुसत्या अंदाजाला जरा जास्त वाटले. म्हणून तिलाच विचारलं, “डोळे बंद असताना तुला कसं कळतं गं, मी हात लावला ते?”

“तुमच्या कोटाची बाही घासते ना ताई, ती ऐकू येते. आणि कानाला लावलं की आतून टक वाजतं.”

आतून टक वाजतं! मी पेन्सिलच्या मागच्या टोकाने कडेवर हलकेच ठोकलं. “हे ऐकू आलं,” ती म्हणाली, “लागलं नाही.” ट्यूनिंग फोर्क (ठोकल्यावर थरथरणारा धातूचा चिमटा) वाजवून कडेवर टेकवला. बोटांवर विचारलं तर रुग्ण “थरथर” म्हणतो, ही म्हणाली, “गुणगुण.” सांगाडा डोक्याच्या हाडावर टेकलेला आहे, त्याला बसलेला प्रत्येक हादरा हाडातून थेट आतल्या कानात जात होता. त्यात भर अशी की ज्या बाजूची हवेची वाट बंद असते त्याच बाजूला हाडातला आवाज जास्त मोठा वाटतो. कानाचे डॉक्टर कपाळावर फोर्क ठेवून हेच पाहतात, त्या चाचणीला वेबरचं नाव आहे. गंमत म्हणजे अर्न्स्ट वेबर हेच कंपासची दोन टोकं त्वचेवर टेकवून स्पर्श मोजणारेही. त्यांच्या दोन चाचण्या माझ्या टेबलावर एकमेकींच्या आड आल्या होत्या.

दाबाचंही तसंच. बोटाने कान दाबला की सांगाडा हलतो, त्याबरोबर कानामागची, कानशिलाची, डोक्याची त्वचा ताणली जाते. तिथे संवेदना शाबूत आहे, म्हणून मुलगी “कळतंय” म्हणते, आणि खरंच कळलेलं असतं. फक्त ते कानाला कळलेलं नसतं. दवाखान्यातल्या दोन्ही नोंदी बहुधा अशाच झाल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात केली. कोट काढून ठेवला, पंखा मुद्दाम मोठा केला. प्रश्न बदलला: “कळलं का?” हे विचारणंच सोडून दिलं. तिला आरशात पाहून स्वतःच्या कानाचं चित्र काढायला लावलं, त्यावर आठ ठिपके दिले, आणि स्पर्श झाला की नेमका कुठे ते त्या चित्रावर बोट ठेवून दाखवायचं असं ठरवलं. मधूनमधून नुसतंच थांबायचं. आणि कापसाऐवजी मोनोफिलामेंट.

हे नायलॉनचे ठरावीक जाडीचे केस असतात. त्वचेवर काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबायचं, सुमारे दीड सेकंद धरायचं. केस वाकला की त्यापेक्षा जास्त जोर लागूच शकत नाही, हीच त्याची खुबी. सांगाडा हलत नाही, टक वाजत नाही. हातासाठीच्या संचात हिरवा 2.83 क्रमांकाचा, साधारण 0.07 ग्रॅमचा; तो कळला तर स्पर्श सामान्य. निळा 3.61, 0.4 ग्रॅम: हलका स्पर्श कमी झालेला. जांभळा 4.31, दोन ग्रॅम: स्वतःला इजेपासून वाचवण्याइतकी संवेदनाही उणावलेली. लाल 4.56, चार ग्रॅम: ती गेलेली. सर्वांत जाड 6.65, 300 ग्रॅमचा, तो मी या कानावर वापरून सोडून दिला. इतक्या जोराने कानच मागे ढकलला जातो, आणि मग आपण परत डोक्याची त्वचा तपासत बसतो.

डाव्या कानावर सगळीकडे हिरवा कळला. उजवीकडे पाळी आणि कडेचं मूळ निळ्यावर. वाटी जांभळ्यावर. कडेचा मधला भाग लालवर, तोही तीनदा विचारल्यावर दोनदा. कडेचा वरचा मागचा भाग: काही नाही. कानामागचा ग्राफ्ट: काही नाही, कुठेच नाही. खोबणीत डोक्याच्या बाजूला लाल कळला, दोन मिलिमीटर कानाकडे सरकलं की संपलं. जखम बरोबर त्या संपलेल्या बाजूला होती.

टोचणी आणि थंडी वेगळी पाहिली. फ्रिजमधून काढलेल्या धातूच्या पट्टीचा गारवा पाळी, मूळ आणि वाटी इथे कळला. कडेच्या माथ्याला आणि ग्राफ्टला नाही. ग्राफ्टची त्वचा हाताला कोरडी, जराशी पापुद्र्याची लागत होती. घामाच्या ग्रंथीही नसांच्याच हुकमात असतात, त्यामुळे कोरडेपणा स्वतःच एक नोंद असते.

कानाच्या वरच्या बाजूला, केसांत, चार सेंटिमीटरचा एक सुन्न पट्टाही सापडला. तिथूनच आवरण काढलं होतं. त्याबद्दल घरात कुणाला पत्ता नव्हता, मुलीला सोडून. “केस विंचरताना तिथे कंगवा हरवतो,” असं ती म्हणाली. इतकं नेमकं वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही.

काय केलं

जखम लहान होती आणि कूर्चा झाकलेली, म्हणून मलम आणि दाब काढणं एवढ्यावर तीन आठवड्यांत ती भरली. कूर्चा थोडीशी उघडी पडली तरी ओलं ड्रेसिंग ठेवून बऱ्याचदा निभावतं. मोठी उघडी पडली तर नवं आवरण आणून झाकावं लागतं. ती वेळ इथे आली नाही.

चष्मा पूर्ण बंद ठेवणं शक्य नव्हतं, तिला फळा दिसत नव्हता. उजव्या काडीचा मागचा वळसा चष्मेवाल्याने सरळ करून दिला, ती कानाच्या वरून केसांत जाईल अशी ठेवली, आणि डोक्यामागून पट्टा लावून चष्म्याचा भार नाकावर आणि डाव्या कानावर घेतला. जखम भरल्यावर महिनाभराने वळसा थोडा परत आणला, त्यावर मऊ सिलिकॉनची नळी चढवली. सुरुवातीला दिवसाला दोन तास, मग आरसा. लालसरपणा वीस मिनिटांत गेला नाही तर दुसऱ्या दिवशी सुट्टी.

तिला मी एकच सांगितलं: सध्या या कानाला काही विचारायचं नाही, डोळ्याला विचारायचं. सकाळ-संध्याकाळ दोन आरशांत कानामागे पाहायचं. हेअर ड्रायर गार हवेवर. ऊन असेल तर सनस्क्रीन, कडाक्याची थंडी असेल तर कान झाकायचा, कारण भाजणं आणि गारठणं दोन्ही न कळता होऊ शकतं. अंघोळीचं पाणी हाताने पाहून घ्यायचं. रोज थोडं क्रीम. झोपायचं डाव्या कुशीवर. उजवीकडे वळायची सवय होती, म्हणून मध्ये पोकळ असलेली उशी.

छातीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर मुलं कान दुखतो म्हणत नाहीत, बरगड्या दुखतात म्हणतात. तिच्या छातीवरच्या व्रणाखालीही तळहाताएवढा भाग मंद होता. तो मी फक्त नोंदवला.

महिन्यांचा हिशेब

तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यावरून सगळे चुकीचा हिशेब करतात. कान उंचीला साधारण 60 मिलिमीटर, मग दोन महिन्यांत काम झालं असं वाटतं. पण हा वेग टाके घालून जोडलेल्या नसेचा, तिच्या जुन्या नळीतून जाणाऱ्या धाग्याचा. इथे कुणी नस जोडलेली नाही. धागे व्रणातून, मिळेल तिथून, वाट काढत येतात, आणि काही वाटेतच अडकतात.

साडेचार महिन्यांनी आईचा घाबरून फोन आला. मुलीला कानात करंट मारल्यासारखे झटके बसत होते, रात्री खाज येत होती. जंतुसंसर्ग तर नाही ना? मी बोलावून घेतलं. कान लाल नव्हता, गरम नव्हता, सूज नव्हती. कानाखाली मानेच्या कडेवर बोटाने ठोकलं तर झणझणीत कळ पाळीतून कडेच्या मध्यापर्यंत गेली. हातात हेच मी रोज पाहते. वाढत्या नसेच्या टोकावर ठोकलं की मुंग्या पुढे धावतात, फ्रेंच डॉक्टर ज्यूल टिनेल यांनी 1915 मध्ये नोंदवलेली खूण. पंधरा दिवसांनी तीच कळ थोडी वर गेली होती. आई म्हणाली, “म्हणजे चांगलं आहे?” चांगलं होतं, पण मुलीला झोप लागत नव्हती हेही खरं होतं. ते सर्जननी औषधाने सांभाळलं.

त्याच सुमारास कडेच्या मधल्या भागाला टॉवेल झोंबायला लागला. ज्या जागी पाच महिने जेमतेमच काही कळत होतं, तिथे आता साधा टॉवेल बोचत होता. पहिल्यांदा परत येणारे धागे टोचणी आणि तापमानाचे, बारीक. हलका स्पर्श नेमकेपणाने सांगणारे मागून येतात. हेन्री हेड या इंग्रज डॉक्टरने 1903 मध्ये स्वतःच्या डाव्या हाताची नस कापून घेतली आणि चार वर्षांहून अधिक काळ सहकारी रिव्हर्सकडून ती तपासून घेतली, ती याच क्रमाचा माग काढण्यासाठी. त्याचे निष्कर्ष नंतर बरेच खोडले गेले, पण मधल्या काळात स्पर्श येतो तो ओबडधोबड, पसरट आणि नकोसा येतो, हे त्याचं वर्णन माझ्या रुग्णांना आजही पटतं. रेशमी कापडाने सुरुवात, मग सुती, मग टॉवेल, दिवसातून तीनदा काही मिनिटं. सहा आठवड्यांत टॉवेल चालायला लागला.

खरी कसोटी चित्रावर बोट ठेवण्याची. सहाव्या महिन्यात कडेच्या माथ्यावर लाल केस लागला की ती चित्रात कानाच्या बाहेर, कानशिलावर बोट ठेवायची. पुढून येणारे ऑरिक्युलोटेम्पोरलचे धागे माथ्यावर पोचले होते, पण मेंदूच्या हिशेबात ते अजून कानशिलाचेच होते. केसांतल्या सुन्न पट्ट्याजवळ कंगवा फिरला की तिला कडेवर काहीतरी चालल्यासारखं वाटायचं. हातासाठी अशा वेळी जे करतो तेच केलं: आरशात बघत एका जागी बोट, मग डोळे मिटून तीच जागा, मग पुन्हा बघून पडताळा. डाव्या कानाची तीच जागा दुसऱ्या हाताने एकाच वेळी. रोज दहा मिनिटं. तिला हे कंटाळवाणं वाटायचं आणि ती ते लपवायची नाही.

बाराव्या महिन्यात पाळी आणि मूळ हिरव्यावर आले. वाटी आणि कडेचा मध्य निळ्यावर. माथा जांभळ्यावर, आणि चित्रात बोट माथ्यावरच. ग्राफ्टच्या कडांना जांभळा, मध्यभागी लाल. गार पट्टी ग्राफ्टवरही कळत होती, पण उशिरा, जणू विचार करून. केसांतला पट्टा बोटभर उरला.

आईने पहिल्या दिवशी विचारलं होतं, “डाव्यासारखं होईल ना?” मी नाही म्हटलं होतं, आणि ते तिला आवडलं नव्हतं. मला हवी होती ती चष्मा टोचला की “टोचतोय” म्हणण्याइतकी संवेदना. तेराव्या महिन्यात एक दिवस शाळेतून येऊन मुलीने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि काडी मागे लागतेय म्हणून कुरकुर केली. आईने मला तो निरोप ज्या आवाजात दिला, त्यावरून कुणाला वाटावं की मोठं बक्षीस मिळालंय. काडीचा वळसा पुन्हा थोडा सैल केला.

शेवटची भेट अठराव्या महिन्यात. माथा निळ्यावर, ग्राफ्टचा मध्य जांभळ्यावर, खोबणीत सगळीकडे निदान लाल, जखम झाली होती त्या जागी जांभळा. सर्जनना पाठवलेल्या कागदावर या वेळी ‘संवेदना आहे’ असं न लिहिता चित्रच जोडलं, आठ ठिपक्यांचं, रंग भरून. आणि एक विनंती: पुढच्या मुलाला पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी माझ्याकडे पाठवावं. या मुलीच्या त्वचेत मुळात किती संवेदना होती ते मोजायचं राहून गेलं, आणि मला सारी तुलना डाव्या कानाशीच करावी लागली.

निघण्यापूर्वी सवयीने मी पुन्हा एक फेरी घेतली. पंखा मोठा, कोट खुंटीवर, तिचे डोळे मिटलेले. तीन जागी केस टेकवला, तिन्ही जागा तिने चित्रावर अचूक दाखवल्या. चौथ्या वेळी मी केस हवेतच धरला आणि वाट पाहिली.

“ताई,” ती म्हणाली, डोळे न उघडता, “लावा ना आता. अजून लावलाच नाहीत तुम्ही.”